लोटे–न्हावा शेवा लाइनवाल्यांनी वाचा: डिस्पॅच सॉफ्टवेअरमधलं कंटेनर मॉड्यूल

आमचं ऑफिस चिपळूणला, गाड्या बहुतेक लोटे परशुराम एमआयडीसी ते न्हावा शेवा बंदर, थोडं काम महाड आणि रोह्याचं. माल केमिकलचा, एक्सपोर्ट जास्त. डिस्पॅचला मी बसते आणि हे सॉफ्टवेअर पावसाळा, गणपती, मार्चएंड सगळ्यातून वापरून झाल्यावर लिहितेय, डेमो बघून नाही.

मुख्य गोष्ट आधी सांगते. साध्या ट्रकच्या सॉफ्टवेअरमध्ये एक लोड म्हणजे एक गाडी, एक ड्रायव्हर, इथून उचललं तिथे टाकलं, विषय संपला. कंटेनरचं तसं नसतं ना! यार्डातून एम्प्टी म्हणजे रिकामा कंटेनर उचलायची, फॅक्टरीत आणायची, स्टफिंग म्हणजे माल भरणं, सील, मग फॉर्म १३ (बंदरात शिरायचा कागद) घेऊन कट-ऑफच्या म्हणजे जहाजासाठी ठरलेल्या वेळेच्या आत गेट-इन, आणि यात एम्प्टी आणणारा घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) वेगळा आणि भरलेला नेणारा वेगळा असं सर्रास होतं, कारण मध्येच एखादी गाडी कामाला लागते किंवा ड्रायव्हरची ड्युटी संपते. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये याच्या दोन वेगळ्या ट्रिपा बनायच्या आणि दोघींचा एकमेकींशी संबंधच नाही, बिलाच्या वेळी एक्सेल उघडून जुळवत बसायचं. इथे कंटेनरचं स्वतःचं पान आहे. त्याखाली टप्पे येतात, प्रत्येक टप्प्याला आपली गाडी, आपला ड्रायव्हर, आपला खर्च, आणि कंटेनर नंबर, सील, बुकिंग, लाइन (शिपिंग कंपनी) एकदाच टाकायचं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी पैसे द्यायला तयार आहे.

नंबरचं तर फार आवडलं. कंटेनर नंबर म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे, त्यातला शेवटचा आकडा हा आधीच्या दहांवरून हिशोबाने निघतो, तो दारावर चौकटीत वेगळा लिहिलेला असतो बघा. ड्रायव्हर फोनवर नंबर सांगतो, मागे हॉर्न वाजतायत, सहाचा नऊ ऐकू येतो, तो टाकला की खाना लगेच लाल होतो आणि सेव्हच होत नाही. हाच चुकीचा नंबर फॉर्म १३ वर गेला तर गाडी गेटवर अडकते, मागची रांग आणि पार्टीचे फोन वेगळेच. व्हीजीएमला (भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन) पण टेअर म्हणजे रिकाम्या कंटेनरचं वजन आणि मालाचं वजन टाकलं की बेरीज तोच करतो आणि कंटेनरच्या मॅक्स ग्रॉसच्या, म्हणजे मालासकट वजनाच्या मर्यादेच्या, वर गेलं तर थांबवतो, ड्रमचा माल २० फुटीत भरणाऱ्यांना याची किंमत कळेल.

फ्री डेजचं (लाइन कंटेनर जितके दिवस बिनभाड्याचा देते ते) घड्याळ पण कंटेनरला लावलंय, गाडीला नाही, हे बरोबर आहे. एक्सपोर्टला एम्प्टी उचलली त्या दिवसापासून मोजतो, इम्पोर्टला जहाजातून उतरल्यापासून, रविवार धरून. डिटेंशन (फ्री डेज उलटल्यावरचं भाडं) बऱ्याच लाइन डॉलरमध्ये लावतात आणि ते कोणी भरायचं यावरून पार्टीशी वाद ठरलेला, आता निदान तारखा तरी समोर ठेवता येतात.

रेल्वेचा टप्पा टाकता येतो, त्याला गाडी नंबर मागत नाही. कुडाळकडच्या एका पार्टीचा माल गोव्यातल्या बाळ्ळीच्या टर्मिनलवरून रेल्वेने न्हावा शेवाला जातो, आमचं काम फक्त बाळ्ळीपर्यंत, पण पुढे कंटेनर कुठे आहे हे पार्टी आम्हालाच विचारते, ते त्याच पानावर दिसतं. फक्त रेल्वेचं स्टेटस हाताने टाकावं लागतं.

आता काय जमलेलं नाही ते. ड्रायव्हरचं अ‍ॅप नेटवर्क गेलं की फोटो अपलोड न करताच बंद पडतं. आपल्याकडे घाटात रेंज असते कुठे? ईआयआरचा (कंटेनर घेताना-देताना त्याच्या अवस्थेची पावती) फोटो ड्रायव्हर शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवरच टाकतात आणि मी तो उतरवून परत चढवते. ऑफलाइन सेव्ह ही आमच्यासाठी गरज आहे, चैन नाही.

दुसरं, इम्पोर्टची एम्प्टी परत करताना लाइन ऐन वेळी यार्ड बदलते. "ताई, इथे घेत नाहीत, दुसरीकडे पाठवतायत," असा फोन आला की मला तो टप्पा रद्द करून नवा बनवावा लागतो आणि ड्रायव्हरचं वेटिंग (थांबल्याचे पैसे) जुन्या टप्प्यासोबत उडून जातं. त्याचं वेटिंग त्याच्या हक्काचं आहे, ते मी डायरीत लिहून ठेवते आणि हाताने जोडते. टप्पा चालू असताना ठिकाण बदलता आलं पाहिजे, बस.

ई-वे बिलाची (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) मुदत संपत आल्याची सूचना येते, पण येते फार उशिरा. २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो आणि आमचं अंतर अगदी त्याच्याच आसपास, माणगाव-इंदापूरला गाडी अडकली की मुदत जाते. वाढवायची सोय मुदतीच्या आधी आणि नंतर ८-८ तासच असते, मग सूचना संध्याकाळीच यायला हवी ना, मध्यरात्री नाही. आणि गणपतीत हायवेवर अवजड गाड्यांना बंदी लागते ते दिवस रूटवर ब्लॉक करायची सोयच नाही, सॉफ्टवेअरचा डिस्पॅच बोर्ड निवांत गाडी लावून देतो.

सपोर्टवाली मंडळी फोन उचलतात, मराठीत बोलतात, ऐकूनही घेतात.

ज्यांच्याकडे नुसत्या ओपन बॉडी गाड्या आहेत त्यांनी यात पैसे घालू नका. कंटेनरवाल्यांनी मात्र डेमोला आपला एखादा जुना, भानगडीचा कंटेनर घेऊन बसा, ज्यात घोडा बदललाय, यार्ड बदललाय, डिटेंशन लागलंय, आणि तोच समोर टाकून दाखवायला सांगा.