‘फी नोकरी लागल्यावर भरा’ म्हणाले आणि माझ्या नावावर एक लाखाचं कर्ज काढलं

नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या पुण्यातल्या एका क्लासने मला फसवलं. आधी आकडे लिहिते, कारण घरातही पूर्ण आकडा सांगायला मला फार उशीर लागला. रजिस्ट्रेशनचे ५,००० रुपये. सीट बुकिंगचे १३,०००. कर्ज १,००,००८ रुपयांचं, ५,५५६ चे १८ हप्ते. मग ‘ऑफर’ आली म्हणून डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनचे ४,७२० आणि लॅपटॉपच्या डिपॉझिटचे १२,५००. बेरीज १,३५,२२८ रुपये. हप्ता चुकला की कर्ज कंपनीचा ५९० रुपये बाउन्स चार्ज, बँकेचा दंड त्याहून वेगळा.

नोकरी नाही. क्लासचं पुण्यातलं ऑफिस बंद. हप्ते चालू.

हे लिहिताना लाज वाटते आणि राग त्याहून जास्त येतो. माझ्या बॅचमधल्या कित्येकांनी अजून घरी काही सांगितलेलं नाही. आपण गप्प बसतो हे या लोकांना पक्कं माहीत असतं, म्हणून ते पुढची बॅच बिनधास्त भरतात.

मी परभणी जिल्ह्यातली, २०२४ ची बी.ई., ईएनटीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन. आमच्या आधीच्या बॅचेसमधल्या मुलांना ऑफर लेटर हातात असून महिनोन्‌महिने जॉइनिंग मिळत नव्हतं. आमच्या वर्षी तर कॅम्पसला येणाऱ्या कंपन्याच बोटावर मोजण्याइतक्या. मग राहतं ऑफ-कॅम्पस. तिथे जाहिरातीतच लिहिलेलं असतं: अमुक सालचे पासआउटच चालतील, दहावी-बारावी-डिग्री तिन्हीकडे ६० टक्के, चालू बॅकलॉग नको, गॅप नको. म्हणजे डिग्री हातात पडल्यावर साधारण वर्षभराची मुदत. ती गेली की तुम्ही ‘फ्रेशर’ही नाही आणि अनुभवीही नाही. नातेवाईक विचारतात ते वेगळंच. या क्लासवाल्यांनी मला जावा विकलं नाही, डेटा सायन्स विकलं नाही. बॅच जुनी होण्याची माझी भीती त्यांनी मला परत विकली.

त्यांचा फोन मला आला, मी त्यांना शोधत गेले नव्हते. जॉब पोर्टलवर रिझ्युमे टाकला होता, नंबर तिथूनच उचलला असणार. बाई मराठीत बोलली, अगदी आपुलकीने. “तू माझ्या बहिणीसारखी आहेस, तुझं वर्ष वाया जाऊ देणार नाही. फी आत्ता नाही, नोकरी लागल्यावर. पे आफ्टर प्लेसमेंट.” आत्ता फक्त रजिस्ट्रेशन आणि सीट.

आता सगळे विचारतात, चौकशी केली नव्हती का? केली होती. गूगलवर ४.८ रेटिंग होतं. ऑफिस प्रत्यक्ष जाऊन पाहिलं. भिंतीवर शॉप ॲक्टचं प्रमाणपत्र, छोट्या उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी, आयएसओ, सगळं फ्रेममध्ये. त्यावर ‘भारत सरकार’ छापलेलं पाहून पप्पांचाही विश्वास बसला. उद्यम नोंदणी स्वतःच्या घोषणेवर, फुकट, ऑनलाइन मिळते हे मला नंतर कळलं. शॉप ॲक्टचं प्रमाणपत्र एवढंच सांगतं की इथे एक आस्थापना आहे. आत काय शिकवतात, कुणाला नोकरी लागते, याच्याशी दोन्हींचा काडीचा संबंध नाही. भिंत पाहून पैसे देऊ नका. मागच्या बॅचमधली माणसं स्वतः शोधून काढा. क्लासने दिलेल्या नंबरवर फोन करू नका, तो त्यांचाच माणूस उचलतो.

रजिस्ट्रेशन आणि सीटचे १८,००० रुपये सोयाबीनचे होते. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ असताना पप्पांनी बाजारात ४,१०० ने माल घातला, कारण सीटची तारीख ‘आज रात्रीपर्यंत’ होती. हे मला कधीच विसरता येणार नाही.

आणि आता तो क्षण, जो आठवला की अजूनही झोप उडते. १३,००० पाठवताना यूपीआयचा पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव आलं. कंपनीचं नाही, एका माणसाचं. मी थांबले. तिथल्या तिथे फोन केला. ती म्हणाली, “अगं ते आमचे अकाउंट्सचे सर आहेत, कंपनीच्या खात्याची आजची लिमिट संपली.” मी परत विचारलं, पावती कुणाच्या नावाने मिळेल? “कंपनीच्याच.” पावती खरंच आली, छापील, शिक्क्यासकट. फक्त त्यावरचं नाव बोर्डावरच्या नावापेक्षा वेगळं होतं, शेवटी ‘सर्व्हिसेस’ जोडलेलं, आणि जीएसटी नंबरची जागा रिकामी. बँकेने, ॲपने, पावतीने, तिघांनी मला सांगितलं होतं. मी विचारलंही होतं. पण समोरच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार होतं, आणि मी एकटी, घड्याळात रात्रीचे दहा वाजत आलेले, सीट जाईल ही धास्ती. त्या परिस्थितीत किती जण थांबतील हे मला सांगाच. तरीही सांगते: कंपनीला द्यायचे पैसे माणसाच्या नावावर जात असतील तर तिथेच थांबा. रात्री दहाला संपणारी सीट सकाळीही शिल्लक असते.

दुसरा क्षण कर्जाचा. ‘फी नंतर’ या योजनेसाठी ‘छोटी प्रोसेस’ आहे म्हणाले. आधार, पॅन, बँक पासबुक. मग व्हिडिओ: कॅमेऱ्यात बघून नाव सांगायचं आणि ‘माझ्या मर्जीने’ हे वाक्य म्हणायचं. मग ओटीपी. मेसेजमध्ये ई-साइन, म्हणजे ऑनलाइन सही, असा शब्द होता. शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, “हे फक्त तुझ्या फीचं ॲग्रीमेंट, नोकरी नाही लागली तर आपोआप कॅन्सल.” करार इंग्रजीत, कित्येक पानांचा, मोबाइलवर, आणि तो स्वतःच अंगठ्याने पानं वर सरकवत होता. त्या करारात लिहिलं होतं की कर्ज देणारी कंपनी आणि क्लास यांचा एकमेकांशी संबंध नाही. कोर्स पूर्ण झाला, नाही झाला, नोकरी लागली, नाही लागली, कर्ज फेडावंच लागेल. पैसे थेट क्लासच्या खात्यात गेले. मला त्यातला एक रुपया दिसला नाही. पुढच्या महिन्यात खात्यातून ५,५५६ कापले गेले तेव्हा कळलं की बँकेला ऑटो डेबिटची परवानगीही त्याच बैठकीत माझ्याकडून घेतली होती.

हे कुणीच सांगत नाही म्हणून नीट वाचा. डिजिटल कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम २०२२ पासून आहेत. कर्ज देताना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, द्यावंच लागतं आणि त्यात कूलिंग-ऑफचे दिवस लिहिलेले असतात. तेवढ्या दिवसांत मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचा खर्च भरून कर्जातून बाहेर पडता येतं, दंड न देता. आम्हाला नेमक्या त्याच दिवसांत टी-शर्ट दिले, वेलकम किट दिलं, इंडक्शन ठेवलं, ग्रुपवर फोटो टाकायला लावले. तक्रार करायला कुणाला सुचणारच नाही अशी व्यवस्था. मुद्दल तर क्लासकडे गेलेलं, ते त्यांच्याकडून परत मिळवायचं तर पहिल्याच दिवसापासून भांडायला हवं.

शिकवलं काय, त्यावर फार लिहीत नाही. यूट्यूबवर फुकट मिळतं ते, तेही रेकॉर्डेड. सर बदलत राहिले. मध्येच एकाने २५,००० रुपयांत दोन वर्षांच्या ‘अनुभवाची’ कागदपत्रं देऊ केली. मी नाही म्हटलं आणि ते बरं केलं. कंपन्या पीएफची सर्व्हिस हिस्ट्री बघतात, यूएएनवर, म्हणजे पीएफच्या खाते क्रमांकावर, नोंद नसलेला अनुभव तिथेच पकडला जातो आणि मग खरी डिग्री असूनही उमेदवारावर कायमचा शिक्का बसतो. असं कुणी विचारलं तर त्याच दिवशी तिथून बाहेर पडा.

मग ‘ऑफर’. वर्षाला ४.२ लाख, पुण्यातल्या खराडीचा पत्ता, लेटरहेड, सही, शिक्का. एका मोठ्या कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव. ईमेलच्या पत्त्यात मधे एक आडवी रेघ जास्त. जॉइनिंगआधी ४,७२० आणि १२,५००, ‘रिफंडेबल’. एवढा खर्च झालाय, आता शेवटच्या पायरीवर कुठे मागे फिरायचं, असं घरात बोलणं झालं. आईने पोत ठेवून पैसे आणले. खराडीला त्या इमारतीत गेले तर गार्ड म्हणाला, “ताई, या नावाचं इथं काहीच नाही. तुमच्याआधी पण मुलं येऊन गेली.”

ऑफर लेटरवर सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, छापलेला असतो. त्यातच राज्याची अक्षरं आणि कंपनी नोंदवल्याचं साल असतं. माझ्या पत्रावर ‘२००८ पासून पुण्यात’ लिहिलं होतं आणि सीआयएनमध्ये दिल्लीची अक्षरं आणि २०२१ साल. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर तो नंबर फुकट तपासता येतो. मोठ्या आयटी कंपन्या नोकरीसाठी पैसे घेत नाहीत आणि तसं स्वतःच्या साइटवर लिहूनही ठेवतात. लॅपटॉपसाठी डिपॉझिट मागणारी नोकरी ही नोकरी नाही.

क्लासवाले म्हणाले, ऑफर आम्ही दिलीच नाही, ‘पार्टनर’ने दिली. नंतर फोनच बंद.

आता पोलीस. पुण्यातल्या एका ठाण्यात गेले. “क्लासला बसलीस ना? शिकवलं ना? मग फसवणूक कुठं आली? हा दिवाणी मॅटर, वकील बघ.” पप्पा सोबत होते, त्यांच्यासमोर म्हणाले, “इंजिनिअर झालीस आणि वाचता येत नाही?” पप्पा मान खाली घालून उभे राहिले. त्यांना तिथे तसं उभं करण्याचा अधिकार कुणी दिला होता? १२,५०० खराडीच्या ‘कंपनी’च्या नावावर गेले म्हणून दुसऱ्या ठाण्यात पाठवलं. तिथे म्हणाले, पैसे पाठवले तेव्हा तुम्ही परभणीत होता, तिकडे द्या. परभणीत म्हणाले, क्लास पुण्यात, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यायची. मी ते कलम छापून नेलं होतं. कागद हातात घेतला, वाचला नाही, टेबलावर ठेवला आणि सांगितलं, साहेब बंदोबस्ताला गेलेत. शेवटी ‘तक्रार अर्ज’ म्हणून घेतलं. गुन्हा नाही, अर्ज. अर्ज चौकशीवर आहे हे उत्तर मला आजही मिळतं. पूर्वीचं ४२० म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, सात वर्षांपर्यंत शिक्षा. पण गुन्हाच नोंदवला नाही तर शिक्षेचं कलम काय कामाचं?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. ट्रान्झॅक्शनचे तपशील घेतले, पण उशीर झाला होता, पैसे त्या खात्यातून पुढे गेलेले. पैसे गेल्यावर पहिल्या तासाभरात हा नंबर लावा, घरच्यांशी भांडण नंतर करा. कर्जाबद्दल तिथे म्हणाले, सही तुमची आहे, ही सायबर फसवणूक नाही. कर्ज कंपनी म्हणाली, क्लासशी बोला. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवस थांबावं लागतं. थांबले. तक्रार केली. एका कलमाचा आकडा टाकून ती बंद झाली. कॉलेजच्या प्लेसमेंट विभागात गेले तर “तुम्ही पासआउट आहात.” सरकारी रोजगार कार्यालयात म्हणाले, खासगी क्लास आमच्याकडे येत नाहीत. परदेशात नोकरी लावणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने नोंदणी लागते. पुण्यातल्या पुण्यात नोकरी लावतो म्हणून लाख रुपये घेणाऱ्याला कुणाची परवानगी लागते, हे मला एकाही टेबलावर कुणी सांगितलं नाही. दरवर्षी हजारो मुलं डिग्री घेऊन बाहेर पडतात आणि त्यांना लुटणाऱ्यांवर नजर ठेवणारं एक खिडकी-कार्यालयसुद्धा या राज्यात नाही?

वसुलीवाले मात्र वेळेवर असतात. पप्पांना फोन, मामांना फोन, एकदा रात्री नऊला. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कॉल रेकॉर्ड करा, वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा. मी मेल केल्यावर रात्रीचे फोन थांबले. आत्तापर्यंत पाच हप्ते म्हणजे २७,७८० भरले, पुढचे थकले आणि सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, पडला. आता एखाद्या बँकेतली जागा निघाली की, स्कोअर बघतील म्हणून, पहिली धडकी त्याचीच भरते.

एकच दार उघडं दिसलं, ते ग्राहक आयोगाचं. कोचिंग क्लास ग्राहक कायद्यात येतात हे राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील नसला तरी चालतं. मी परभणीला तक्रार दाखल केली आहे, क्लास आणि कर्ज कंपनी दोघांविरुद्ध. हप्त्यांना स्थगितीचा अर्ज वेगळा जोडला आहे. निकाल कधी लागेल माहीत नाही.

तुम्ही अशा कुठल्या क्लासमध्ये आत्ता बसला असाल, तर आजच कर्जाचा करार, की फॅक्ट स्टेटमेंट आणि पैसे भरल्याच्या पावत्या डाउनलोड करून स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा. आमच्या क्लासचं ॲप एका रात्रीत बंद झालं आणि करार त्याच्यातच होता. स्वतःच्याच सहीची प्रत मला कर्ज कंपनीकडे लेखी मागून मिळवावी लागली, आणि ती येईपर्यंत आणखी एक हप्ता कापला गेला.