पावसाळ्यात घोड्याखाली काय अंथरावं: पेंढा की रंध्याचा भुसा?
मुंबईत जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट की महालक्ष्मी रेसकोर्सच्या तबेल्यांतही अंथरूण निवडताना किंमत नंतर बघावी.

भाताचा पेंढा उबदार, सहज मिळणारा. पण ओल धरतो, बुरशी लवकर लागते, त्या धुरळ्याने खोकला सुरू होतो. शिवाय घोडा तो खातोही.

सुताराच्या रंध्यातून निघणारा लाकडाचा जाड भुसा लघवी शोषतो, मोतद्दाराला (घोड्याची निगा राखणाऱ्याला) ओला भाग तेवढाच उचलता येतो. करवतीचा बारीक भुसा मात्र नको, फार धूळ.

माझा कौल भुशालाच. तरी खूर रोज उचलून बघा: तळव्याच्या मऊ त्रिकोणाशेजारच्या खाचेत काळा, घाण वासाचा चिकटा दिसला तर ती सड. खूर साफ करायच्या आकड्याने साफ करा, कोरडं ठेवा, डॉक्टरांना दाखवा.