अमळनेरहून सुरतेला: एका स्थलांतर सल्ला सेवेचा आमचा अनुभव

जळगावच्या एका स्थलांतर सल्ला सेवेची मदत घेऊन आमचे कुटुंब गेल्या मे महिन्यात अमळनेरहून सुरतेला राहायला आले. परराज्यातील कोणते शहर आपल्या कुटुंबाला सोसेल हे ठरवून देणे, तेथे घर व शाळा दाखवणे, कागदपत्रांची कामे मार्गी लावणे आणि शेवटी सामान पोहोचवणे अशी चार कामे ही सेवा एकत्र करते. आम्ही तीन हप्त्यांत चौदा हजार रुपये शुल्क ठरवले. मालट्रकचे भाडे त्याहून वेगळे होते. मुलांच्या कागदपत्रांची कामे त्यांनी उत्तम केली, शहर निवडण्याचा त्यांचा अहवाल अपुरा होता आणि घर दाखवताना त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली नाही. असा प्रश्न पुढे असलेल्या कुटुंबांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे यजमान जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात विद्युत देखभालीचे काम करत होते. तो विभाग बंद झाल्यावर त्यांच्यापुढे दोन नोकऱ्या आल्या. एक सुरतेच्या पांडेसरा भागातील कापड प्रक्रिया कारखान्यातली होती आणि दुसरी इंदूरजवळच्या पीथमपूरमधील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातली. पीथमपूरचा पगार महिन्याला चार हजारांनी अधिक होता. मुलगा नववीत, मुलगी चौथीत आणि घरात चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. नातेवाइकांपैकी प्रत्येकाचे मत वेगळे पडले, तेव्हा पैसे देऊन का होईना, तिऱ्हाइताचा सल्ला घ्यावा असे आम्ही ठरवले.

पंधरा दिवसांनी मिळालेल्या अहवालात पगार, घरभाडे, शाळेची फी, दवाखाने आणि स्वच्छता अशा रकान्यांत दोन्ही शहरांना गुण दिले होते व बेरजेत इंदूर पुढे होते. आकडे नीट गोळा केलेले होते, त्याबद्दल तक्रार नाही. स्वच्छतेच्या रकान्याने मात्र काहीच ठरत नव्हते, कारण २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर आणि सुरत यांना पहिला क्रमांक विभागून मिळालेला आहे. माझा मूळ आक्षेप असा की, घरातून कोण, किती वेळा, कोणत्या गाडीने परत गावी येणार आहे, हा प्रश्न त्या अहवालात कोठेच नव्हता. परराज्यात गेलेल्या खानदेशी माणसाचे निम्मे आयुष्य लग्नकार्ये, शेतीची कामे, आजारपणे आणि उत्तरकार्ये यांसाठी गावाकडे ये-जा करण्यात जाते. हा खर्च आणि हा शीण पगारातील चार हजारांच्या फरकासमोर मांडून पाहिल्याशिवाय दोन शहरांची तुलना पूर्ण होत नाही.

ती तुलना शेवटी आम्हीच केली. अमळनेर हे उधना-जळगाव लोहमार्गावरचे स्थानक असल्यामुळे येथून गाडीत बसले की नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली करत थेट उधन्याला उतरता येते. अंतर साधारण अडीचशे किलोमीटर आहे. दुहेरीकरण झाल्यापासून क्रॉसिंगसाठी गाडी थांबून राहण्याचा पूर्वीचा त्रासही कमी झाला आहे. इंदूरला जायचे तर अमळनेरहून आधी धुळ्याला जावे लागते आणि तेथून आग्रा महामार्गाने शिरपूर, पळासनेर, बिजासन घाट आणि सेंधवा असा बसचा प्रवास करावा लागतो. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेला ३०९ किलोमीटरचा मनमाड-इंदूर लोहमार्ग धुळे आणि शिरपूरवरून जाणार आहे. तो झाला की हे चित्र पालटेल आणि धुळे-शिरपूरकडच्या कुटुंबांनी इंदूरचा विचार अवश्य करावा. आम्हाला मात्र गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना घेऊन आज प्रवास करायचा होता.

सासूबाईंचा सुरतेला विरोध होता, आणि तो अनाठायी नव्हता. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा त्यांचे धाकटे बंधू कारखाना सोडून, अंगावरच्या कपड्यांनिशी, गच्च भरलेल्या गाडीतून गावी परतले होते आणि गावाने त्यांना चार दिवस मळ्यात राहायला लावले होते. त्या साथीनंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात महापालिकेने शहर कसे धुऊन काढले हे आम्ही त्यांना समजावले, पण सांगून पटण्यापेक्षा पाहून पटले. शुल्कात दोन्ही शहरांची दोन-दोन दिवसांची भेट समाविष्ट होती आणि त्या भेटींना सासूबाईंनाही न्यावे, असा आग्रह सेवेच्या प्रतिनिधीनेच धरला होता. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. इंदूरमध्ये राजवाडा पाहून आणि होळकरांच्या या शहरात दुकानदारही मराठी समजतात हे ऐकून त्या प्रसन्न झाल्या, पण परत निघताना त्यांनी एकच विचारले, "गावले जावाले गाडी शे का?" उधन्याला उतरल्यावर लिंबायत आणि डिंडोली भागात त्यांना पावलोपावली आमची खानदेशी बोली अहिराणी ऐकू आली, एका बाईने श्रावणात कानबाई या खानदेशी देवीच्या सणाचे रोट कोणाकडे असतात हेही सांगितले आणि त्यांचा विरोध तेथेच मावळला. सुरतेतील खानदेशी वस्ती किती मुरलेली आहे याची कल्पना यावरून यावी की, लिंबायतचा परिसर ज्यात मोडतो त्या नवसारी मतदारसंघाचे खासदार सी. आर. पाटील यांचा जन्म जळगाव जिल्ह्यातला आहे.

भाषेच्या बाबतीत इंदूर सोपे होते. तेथे हिंदी, लिपी देवनागरी. मुलीला काहीच नवे शिकावे लागले नसते. गुजरातमध्ये पहिली ते आठवीपर्यंत सर्व शाळांत गुजराती विषय सक्तीचा करणारा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, ही माहिती सेवेने आम्हाला पहिल्याच बैठकीत दिली. सुरत महापालिकेच्या शाळांमध्ये मराठी माध्यमही आहे हेही त्यांनीच दाखवले. आम्ही मुलीला खाजगी इंग्रजी शाळेत घालण्याऐवजी पाचवीसाठी मराठी माध्यमात घातले, कारण एकाच वर्षी गाव, शाळा आणि माध्यम असे सगळे बदलणे दहा वर्षांच्या मुलीवर अन्याय झाला असता. गुजराती लिपी शिरोरेघ नसलेल्या देवनागरीसारखी असल्याने दिवाळीपर्यंत ती दुकानांच्या पाट्या वाचू लागली.

मुलाचा प्रश्न सर्वांत कठीण होता आणि या सेवेचे खरे मोल मला तेथे कळले. त्यांच्याकडे शिक्षण विभागातून निवृत्त झालेले एक लिपिक काम करतात. मुलाला डॉक्टर व्हायचे आहे असे कळल्यावर त्यांनी अहवाल बाजूला ठेवला आणि तासभर आम्हाला समजावून सांगितले. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या राज्य कोट्यातील जागांसाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण होण्याची अट असते. काही अपवाद आहेत, पण खाजगी नोकरी करणाऱ्याच्या मुलाने त्यांच्या भरवशावर राहू नये. मुलगा आमच्याबरोबर सुरतेला आला आणि दहावी गुजरात मंडळातून झाला, तर तो दरवाजा बंद होण्याचा धोका होता. दुसरी गोष्ट आरक्षणाची. आम्ही कुणबी, म्हणजे महाराष्ट्रात इतर मागासवर्गात. या वर्गाच्या याद्या राज्यवार असतात आणि परराज्यातून आलेल्या कुटुंबाला नव्या राज्याच्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही. आपले प्रमाणपत्र सगळीकडे चालते असे आम्ही धरून चाललो होतो. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीतही हेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केलेले आहे आणि नंदुरबार, शहादा, नवापूरकडून सुरतेला येणाऱ्या आदिवासी कुटुंबांनी तर निघण्याआधीच याची माहिती घेतली पाहिजे.

त्या गृहस्थांनी पुढे जी कामे करून दिली, त्यांसाठी एरवी आम्हाला कितीतरी फेऱ्या माराव्या लागल्या असत्या. मुलाचे जात प्रमाणपत्र प्रांत कार्यालयातून आणि वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र तहसीलमधून, दोन्ही आम्ही गाव सोडण्यापूर्वी हातात आले. पुढे जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो हे लक्षात ठेवून त्यांनी माझ्या सासऱ्यांच्या शाळाप्रवेशाच्या नोंदीचा उतारा त्यांच्या गावच्या प्राथमिक शाळेतून मिळवला. जीर्ण रजिस्टरातील ते पान आणखी किती वर्षे टिकले असते कोण जाणे. मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर परराज्यासाठी शिक्षण विभागाची प्रतिस्वाक्षरीही त्यांनीच घेतली. ती राहिली असती तर केवळ एका सहीसाठी आम्हाला परत यावे लागले असते.

अखेर मुलगा अमळनेरला त्याच्या मामांकडे राहिला आहे, दहावीसाठी आणि बहुधा बारावीपर्यंत. हा निर्णय घेताना मी अनेक रात्री झोपले नाही. पण सुरतेची निवड त्याच निर्णयाने पक्की झाली, कारण दर पंधरा दिवसांनी मुलाला गाडीत बसून घरी येता येईल असे शहर दोनांपैकी एकच होते. पगारातील तूट आम्ही स्वीकारली. पहिल्या अहवालात मुलाच्या परीक्षांचा आणि परतीच्या वाटेचा विचार असता तर इंदूरला जास्त गुण मिळालेच नसते, हे मी सेवेच्या प्रमुखांना स्पष्ट सांगितले आणि त्यांनी ते ऐकून घेतले.

आता घराविषयी. येथे माझी तक्रार आहे. प्रतिनिधीने लिंबायतच्या बाजूला तळमजल्यावरचे दोन खोल्यांचे घर दाखवले. भाडे माफक, शाळा जवळ, शेजार मराठी. आम्ही विसार देण्याच्या बेतात होतो. शेजारच्या बाईंचे माहेर नंदुरबारचे. बोलता बोलता त्यांनी भिंतीवर कमरेच्या उंचीची ओलीची रेघ दाखवली. मागून मिठी खाडी वाहते आणि मोठ्या पावसात तिचे पाणी या गल्लीत शिरते. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीकाठचे सुरत बुडाले, ती आठवण सर्वांना असते, पण खाडीचा पूर त्याहून वेगळा आहे आणि तो वारंवार येतो. भुसावळ-अमळनेरकडे तापी म्हणजे उन्हाळ्यात डोळे लावून बसायची नदी. पाण्याची अशी भीती आमच्या मनातच आली नसती. प्रतिनिधीला विचारले तेव्हा त्याला हे ठाऊक होते, पण "तुम्ही विचारले नाही" म्हणून त्याने सांगितले नव्हते. सल्ल्याचे पैसे घेणाऱ्याने हे उत्तर देऊ नये. तक्रार केल्यावर त्यांनी दोन दिवसांत डिंडोलीत दुसऱ्या मजल्यावरचे घर दाखवले, भाडे दीड हजारांनी अधिक आहे आणि या पावसाळ्यात आम्ही तेथे कोरडे राहिलो. तरी सुरतेत घर पाहणाऱ्यांनी दलालाचे किंवा सल्लागाराचे न ऐकता आधी शेजाऱ्यांना पाणी कोठपर्यंत चढते ते विचारावे.

सामानाच्या बांधणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. माणसे वेळेवर आली, भांडी व कपाटे नीट बांधली, सामानाची यादी करून प्रत दिली आणि विसरवाडीच्या मार्गाने गाडी दुसऱ्या दिवशी पोहोचली. सासूबाईंचे मांडे भाजायचे मातीचे खापर मात्र फुटले. त्याची किंमत भरून देण्याची तयारी त्यांनी दाखवली, पण आम्ही घेतली नाही. नवे खापर मुलगा दिवाळीला गाडीतून मांडीवर घेऊन आला.

नोकरीची दोन ठिकाणे समोर आहेत आणि शिकती मुले घरात आहेत अशा कुटुंबाने कागदपत्रांसाठी या प्रकारची सेवा घ्यावी, तिचे शुल्क मला अवाजवी वाटले नाही. एकट्या माणसाला किंवा आधीच नातेवाईक सुरतेत असलेल्यांना तिची गरज नाही. घेणाऱ्यांनी पहिल्या बैठकीलाच घरातील वृद्धांना आणि मुलांना सोबत न्यावे आणि गुणांचा तक्ता पाहण्याआधी आपले रकाने आपण लिहून द्यावेत.

आमचे एक काम अजून बाकी आहे. यजमानांची एमएच १९ क्रमांकाची मोटारसायकल आम्ही सोबत आणली आहे. परराज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ वाहन वापरायचे तर तेथे त्याची नव्याने नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते. हे काम सेवेने स्वतःकडे घेतले होते, परंतु मोटारसायकलवरचा कर्जाचा बोजा उतरवल्याचे बँकेचे पत्र आधी लागते हे त्यांनी उशिरा सांगितल्यामुळे ते रखडले आहे. मे महिन्यात आमची मुदत संपेल. प्रमाणपत्र हाती आल्यावरच शेवटचा हप्ता देऊ, असे मी त्यांना कळवले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे.