आयोनो: आठ महिने, एक पावसाळा आणि एक वाकलेलं कार्ड

"मामा, तुझी आयोनो वरच आहे."

मागच्या रविवारी हे ऐकावं लागलं. आयोनो म्हणजे पोकेमॉन कार्डांच्या खेळातलं माझं एक कार्ड. डेक (खेळायचा गठ्ठा) माझा, पालथा, स्लीव्हमध्ये (प्लास्टिकच्या पाकिटांत), आणि भाच्याने त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. टर्न त्याचा होता. एवढं बोलून त्याने जपून ठेवलेले पत्ते शांतपणे खाली उतरवले आणि हातात एकच ठेवला. मग माझा टर्न. पत्ता ओढला तर आयोनोच. त्याच्या हातात एक पत्ता, त्याची प्राइज (बाजूला मांडलेले पत्ते, सगळे उचलले की जिंकलो) तीन शिल्लक. म्हणजे मी ती खेळलो असतो तर एकाचे तीन पत्ते मीच त्याला करून दिले असते. कार्ड हातात धरून बसून राहिलो आणि सामना गेला.

त्या रागातच हे लिहायला बसलोय. पोकेमॉन कार्डांचा खेळ ज्यांना येतो त्यांच्यासाठीच आहे. साठ पत्त्यांचा डेक, सहा प्राइज, एका टर्नला एकच सपोर्टर (आयोनोसारखं मदतीचं कार्ड) हे सगळं पुन्हा उगाळत नाही. आयोनो २०२३ च्या जूनमध्ये ‘पाल्डिया इव्हॉल्व्ड’ संचातून आली. दोघांनी आपापला हात (हातातले पत्ते) पिसून डेकच्या तळाला घालायचा आणि ज्याची जितकी प्राइज शिल्लक तितके पत्ते ओढायचे. जुन्या लोकांना यात २०११ चा ‘एन’ दिसेल, त्यात हात डेकमध्येच मिसळायचा. आणि २०२० ची मार्नी दिसेल, तिच्यात हात तळाला जायचा पण आपल्याला पाच आणि समोरच्याला चार असे ठरलेले पत्ते मिळायचे. एनचा हिशोब आणि मार्नीचा तळ, अशी ही आयोनो.

फेब्रुवारीत मी चार घेतल्या. तीन साध्या, दीडशेच्या. चौथी साधी कुठे मिळेना म्हणून ऑनलाइन एका विक्रेत्याकडून पूर्ण चित्राची, चमकणारी. अकराशे रुपये. अकराशे रुपयांत आमच्याकडे चवथीला गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या माटोळीचं निम्मं सामान येतं. चमकणारी आयोनो साधीपेक्षा एकही पत्ता जास्त ओढून देत नाही, हे तेव्हाही कळत होतं. तरी घेतली. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

आधी उपयोगाचं बोलू. पहिले दोन-तीन महिने मी तिच्यावर नाराज होतो. माझा डेक चॅरिझार्ड ईएक्स आणि पिजट ईएक्स या पोकेमॉनचा. सुरुवातीला दोघांचीही सहा प्राइज शिल्लक असतात, म्हणजे आयोनो खेळली की मला सहा आणि समोरच्यालाही सहा. सपोर्टर माझा खर्च झाला आणि पंगत दोघांना वाढली. त्यापेक्षा दुसरी सपोर्टर, प्रोफेसर्स रिसर्च बरी, सात पत्ते फक्त मलाच. हातातले टाकावे लागतात हे खरं, पण समोरच्याच्या पानात काही पडत नाही. पहिली पाळी आपली असेल तर पहिल्या टर्नला सपोर्टरच चालत नाही. आणि शेवटाकडे आयोनो आणि बॉसेस ऑर्डर्स (थोडक्यात बॉस, समोरच्याचा मागचा पोकेमॉन पुढे ओढणारी सपोर्टर) दोन्ही हातात असल्या की एकीलाच उठवता येतं, दुसरी तोंड फुगवून बसते.

एकदा तर फजितीच झाली. माझ्या हातात फक्त आयोनो, भाच्याच्या हातात काही नाही. मी म्हटलं, वा, चार पत्ते आले! तर पोराने कार्डच वाचायला लावलं. दोघांपैकी कोणी तरी तळाला पत्ता ठेवला असेल, तरच ओढायचं. ठेवायला कोणाकडे पत्ताच नव्हता. अशा वेळी तिचा उपयोग शून्य. शेवटी चारपैकी दोन आयोनो डेकमधून काढल्या. चमकणारी मात्र ठेवली. अकराशे दिले होते ना.

मत फिरलं ते चवथीला. घर भरलेलं, आत आरती संपून वायनांचा गोंधळ, आणि आम्ही दोघे सोप्यावर चटई टाकून. भाचा रेजिंग बोल्ट ईएक्स खेळतो, ज्यात एनर्जीची कार्डं टाकून द्यायची आणि एकेका एनर्जीमागे ७० चा मार बसतो. त्याने चार प्राइज घेतली होती, दोन शिल्लक. माझी चार शिल्लक. त्याच्या हातात आठ पत्ते, आणि चेहऱ्यावरून कळत होतं की पुढच्या टर्नला लागणारं सगळं त्यात आहे. मी पिजटच्या क्विक सर्चने (डेकमधला हवा तो पत्ता शोधायची त्याची ताकद) डेकमधून आयोनो काढली. दोन्ही दिसत होत्या, मुद्दाम साधी घेतली. आठ पत्ते तळाला, हातात आले दोन. मला चार. समोरच्याने चार प्राइज घेतल्यावर चॅरिझार्डचा मार होतो १८० अधिक १२०, म्हणजे ३००. बोल्टचे प्राण २४०. तो पडला, त्याची दोन प्राइज मिळाली, माझी दोन उरली. भाच्याने पत्ता ओढला, तीन पत्त्यांकडे पाहत राहिला, एक एनर्जी लावून टर्न सोडला. पुढच्या टर्नला दुसरा बोल्ट पडला, सामना माझा. आतून आई म्हणाली, जेवायला या, नाहीतर पातोळ्या संपतील. भाचा उठेचना.

तेव्हा डोक्यात शिरलं की मी या कार्डाला पत्ते ओढण्याच्या तराजूत तोलत होतो. हे पत्ते ओढण्याचं कार्ड नाहीच. समोरच्याने तीन टर्न राखून ठेवलेला पत्ता त्याच्याच डेकच्या बुडाशी नेऊन ठेवायचा, हे तिचं काम. हिशोब करून बघा. तळाला गेलेले सोडले तर वर बारा पत्ते उरलेत आणि त्यात बॉस एकच. समोरच्याचं एक प्राइज शिल्लक. तो आयोनोचा एक आणि टर्नचा एक, असे दोनच पत्ते बघणार. बारात दोन, म्हणजे सहात एक संधी. हातात जपलेला बॉस तर तळाला, तो वर यायचाच नाही. एन असता तर तोच बॉस पिसला जाऊन पुन्हा वर येऊ शकला असता. तळाची किंमत ही.

अर्थात समोरच्याने डेकमधून काही शोधलं की डेक पिसावा लागतो आणि तळ विस्कटतो. पिजटवाल्यापुढे तर आयोनो भिजलेल्या फटाक्यासारखी. एक पत्ता हातात असू दे की शून्य, क्विक सर्चने हवा तो पत्ता तो काढतोच. आधी पिजट मारा, मग आयोनो. बिबॅरल हा पोकेमॉन बेंचवर (मागच्या रांगेत) असेल तर हात परत पाचांवर जातो, तेही तसंच. फेझँडिपिटी ईएक्स आणखी चावट: आपण त्याचा पोकेमॉन पाडला की पुढच्या टर्नला तीन पत्ते फुकट. चवथीच्या दिवशी भाच्याची फेझँडिपिटी प्राइजमध्ये अडकली होती, हे त्याने नंतर दहा वेळा सांगितलं. सांगू दे. आणि डेक फार बारीक झाला असेल तर तळ आणि वर यांत फरकच उरत नाही. दोनच पत्ते वर असतील आणि चार ओढायचे असतील तर जे तळाला घातलं त्यातलेच दोन परत हातात.

तरी चवथीनंतर काढलेली एक साधी परत आत घातली. दोन साध्या, एक चमकणारी. आणि इथूनच दुसरं दुखणं वाढलं.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा आमच्या फोंड्याकडच्या कपाटांत मुरतो असं माझं मत आहे. चमकणाऱ्या कार्डाला पुढच्या बाजूने झिलई असते आणि मागे कागद. कागद हवेतलं पाणी पितो, फुगतो. झिलई फुगत नाही. मग कार्ड झिलईच्या बाजूला आवळतं. पालथं ठेवलं की मधे उचललेलं, कडा खाली, थेट नळ्याचं कौल. जुलैत माझी अकराशेची आयोनो अशी झाली. साध्या तिघी ताठ. साठ पत्त्यांच्या डेकमध्ये हे एक कौल कुठे आहे ते सोप्याच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसायचं. प्राइज मांडली की भाचा न उलटता सांगायचा, "तुझी एक प्राइजात गेली." ज्या कार्डाची सगळी ताकद ते अचानक येण्यात, ते कार्ड घरात शिरण्याआधी दारात खाकरणाऱ्या पाहुण्यासारखं वागायला लागलं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. चार दिवसांनी उत्तर आलं, हवामानाची जबाबदारी आमची नाही. मी विचारलं, मग गोव्यात पाठवताना पत्ता वाचला नव्हता का? त्यावर हात जोडल्याचं चित्र आलं, आणि नंतर काहीच नाही. विकायच्या वेळी हा माणूस दोन मिनिटांत उत्तर द्यायचा.

मग घरगुती उपाय. तांदळाच्या डब्यात घातली. तिसऱ्या दिवशी आई डबा उघडून म्हणाली, "ही कोण बाई तांदळात निजलीय?" उकड्या तांदळाने फरक शून्य, स्लीव्हला पीठ लागलं ते वेगळं. जाड शब्दकोशाखाली आठवडाभर दाबली. काढल्यावर संध्याकाळपर्यंत सरळ, सकाळी पुन्हा कौल. दोन स्लीव्ह चढवल्या, तर ती एकच जाड झाली आणि हाताला कळायला लागली. रविवारचा प्रसंग त्यानंतरचा.

तेव्हा ठरवलं होतं की पाचपैकी दोन गुण द्यायचे आणि सांगून टाकायचं, किनारपट्टीवर राहत असाल तर चमकणारं कार्ड खेळायला घेऊ नका.

इथवर लिहून ठेवलं आणि दिवाळी आली. नरकासुर जळले, हवा थोडी कोरडी झाली, आणि मला बुटांच्या खोक्यांतल्या त्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या सापडल्या. घट्ट झाकणाच्या डब्यात चार पुड्या आणि आयोनो, दहा दिवस. डबा उघडला तर कार्ड सरळ होऊन पुढे गेलेलं! कागद वाळून आकसला आणि बाक उलटा पडला. आता पालथी ठेवली की कडा वर, टेबलावर होडीसारखी डोलते. जुवारी नदीत सोडली तर पलीकडे जाईल. म्हणून दोन पुड्या काढल्या. सध्या ती बरीचशी ताठ आहे, पण डब्याबाहेर किती दिवस, ते बघतोय.

या दहा दिवसांत एक बरं झालं. डेकमध्ये दोनच साध्या आयोनो राहिल्या आणि त्यांच्यावर मी आठ-नऊ सामने खेळलो. एरवी अडत नाही, कारण पिजट ती शोधून देतो. अडलं फक्त जेव्हा दोन्ही प्राइजमध्ये गेल्या तेव्हा, एकदाच. म्हणजे माझ्या डेकला तीन पुरतात, चार नकोत. ज्यांच्याकडे शोधणारा पोकेमॉन नाही त्यांनी मात्र चारही ठेवाव्यात, शेवटच्या टप्प्यात ती हाताशी नसेल तर कसली आयोनो. तिसरी साधीच हवी. ती तिसरी साधी माझ्याकडे फेब्रुवारीपासून पडलीच होती, हे लक्षात यायला नोव्हेंबर उजाडला.

भाच्यावर रागावलो होतो तेही थोडं मागे घेतो. खूण त्याला दिसते तशी मलाही दिसत होती. डेक पिसताना, कापताना ती कुठे आहे हे मला ठाऊक असायचं, फक्त मी ते कबूल करत नव्हतो. नियमाच्या सामन्यात पंचांनी ते कार्ड पहिल्याच तपासणीत बाजूला काढायला लावलं असतं, वर दंडही झाला असता.

कार्डाच्या कोपऱ्यात ‘जी’ हे अक्षर आहे. ते कार्ड कुठल्या तुकडीचं ते सांगतं. जुनी अक्षरं स्पर्धेतून बाहेर जातात, तशी याची पाळी २०२६ मध्ये. दीडशेच्या कार्डाने तोवर स्वतःचे पैसे केव्हाच फेडलेत, त्याला पाचपैकी साडेचार. कापलेला अर्धा गुण पिजटपुढे हात टेकते म्हणून. अकराशेचं अजून माझ्याकडून उधारीवर चाललंय.

भाच्याला ती हवी आहे. बदल्यात एक काउंटर कॅचर आणि दोन बॉस देतो म्हणतो. मी म्हटलं, विचार करून सांगतो. तो म्हणाला, "कर विचार, पण जूनच्या आधी."