छोटं अनुदान: तपासणी संच की शिवारफेरी?

शाळेला पाणी-जागृतीसाठी थोडे पैसे मिळाले, तर पाणी तपासणी संच मुलांना लगेच भावतो. हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या बाटलीत विष्ठेतल्या जंतूंनी दूषित पाणी भरलं की ते दिवस-दोन दिवसांत काळं पडतं. खतांतून पाण्यात उतरणारं नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेत आहे का, हेही रंगावरून ताडता येतं. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात खतांचा मारा मोठा, तिथे मी संचच घेईन. फक्त रसायनांची मुदत संपते. पुढच्या वर्षी पैसे कुठून?

शिवारफेरीला लागतं गाडीभाडं नि नाश्ता. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीकाठचे फड पद्धतीचे, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायच्या जुन्या रीतीचे, बंधारे, पाट बघितले की पाणीवाटप समजतं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला गावाने राखलेलं जंगल आहेच. साक्रीकडे माझं मत फेरीला. मात्र ती पावसाळा सरताना काढा. मे महिन्यात कोरडा नाला दाखवून पोरं नुसती उन्हाने करपतील.