ओलावा ४३ टक्के दाखवणाऱ्या डब्यानं ३८,५०० रुपयांना बुडवलं

सीमेवर, कर्नाटकातल्या निपाणी भागात आमची उसाची रोपवाटिका आहे. फसलो हे चारचौघांत सांगायला जीव नको म्हणतो, पण हाच माणूस अजून शेडनेटवाल्यांकडं फिरतोय असं कानावर आलं, म्हणून लिहितोय.

प्रदर्शनातल्या स्टॉलवर तो भेटला. रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डावर चालणारी ओलावा मोजायची सिस्टीम, सहा सेन्सर, मोबाईलवर आकडे. भाषा अगदी आपल्याकडची. "बघा की पाव्हणं, घरात बसून रोपं राखायची." २०,००० आगाऊ दिले, बसवल्या दिवशी १५,३००. पैसे फोनवरून पाठवले, बिल "नंतर देतो" म्हणाला. बिलाशिवाय एक रुपया देऊ नका.

ती वेळ डोळ्यांपुढून जात नाही. बसवताना मी एक सेन्सर ट्रेमधून उपसला, शर्टाला पुसून कोरडा केला, हातात धरून उभा राहिलो. स्क्रीनवर ४३. थोड्या वेळानं ४४. परत ४३. मी विचारलं, "बाहेर काढलाय की हो, आकडा का उतरंना?" म्हणाला, "ॲव्हरेज काढतंय, अर्ध्या तासानं उतरतंय." मी मान डोलावली आणि त्याला चहा पाजला. तिथंच वायर उपटून त्याच्या हातात द्यायला हवी होती. पण मी शेतकरी माणूस. विहिरीची मोटर, स्टार्टर मला कळतं, कॉम्प्युटरचं लिनक्स कुठनं कळणार? आधी बसवलेल्या दोघांना फोनही लावला होता, दोघंही "चांगलं आहे" म्हणाले. ते त्याचेच असणार, हे आज कळतंय.

एप्रिलात गडहिंग्लजला लग्नाला गेलो. दोन दिवस मोबाईलवर ४२, ४५, ४३. कामाच्या पोराला मीच सांगितलं, ओल आहे, पाणी नको. परत आलो तर साठ ट्रे करपलेले. ३,००० रोपं, अडीच रुपयांच्या भावानं ७,५०० मातीत.

इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्यानं डबा उघडला. सेन्सरच्या वायरी थेट पायच्या पिनांना जोडलेल्या. त्या पिनांना फक्त चालू की बंद एवढंच कळतं. कमी-जास्त व्होल्टेज वाचायला वेगळी एडीसी चिप लागते, रास्पबेरी पायमध्ये ती नसतेच. मग आकडे यायचे कुठनं? प्रोग्राममध्ये एक ओळ होती: ४१ ते ४६ मधला कुठलाही आकडा उचल आणि दाखव.

फोनवर शिव्या घातल्यावर "जुनं मॉडेल गेलं चुकून" म्हणत त्यानं ३,२०० घेऊन सोळा बिटची एडीएस १११५ ही एडीसी चिपची कार्डं पाठवली. हो, पुन्हा पैसे दिले. ३५,३०० अडकलेले असले की माणूस आणखी तीन हजार देतो. भाच्यानं वाचून बघितलं: १२,३०४, १२,३२०, १२,२८८. प्रत्येक आकडा सोळानं भागला जायचा. खऱ्या सोळा बिटच्या चिपचा प्रत्येक आकडा असा भागला जात नाही; बारा बिटची स्वस्तातली चिप मात्र सोळाच्या पटीतच आकडे देते. म्हणजे आत बारा बिटची एडीएस १०१५, वर नाव खोडून दुसरं छापलेलं. तुमच्याकडं असं कार्ड असेल तर पन्नास आकडे उतरवून सोळानं भागून बघा; सगळेच भागले गेले तर तीही नकली.

आता तक्रारीचं ऐका. इकडच्या ठाण्यात म्हणाले, माणूस हद्दीवरच्या कोगनोळीच्या पलीकडचा, महाराष्ट्रात जावा. पलीकडं गेलो तर, पैसे कर्नाटकातून गेलेत, तिकडंच लिहून द्या. परत आलो. अर्ज कन्नडमध्ये पाहिजे म्हणून टायपिंगवाल्याला २५० दिले. तो अर्ज वाचून साहेब म्हणाले, "माल मिळालाय की तुम्हाला, मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे." माल! रिकाम्या वायरींना माल म्हणायचं? बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय. चार खेपा झाल्या, पेट्रोल माझं, मजूर बिनकामाचे बसून, आणि पोचपावतीचा एक शिक्का मिळायला अख्खी दुपार बाकड्यावर. सीमेवर राहतो हा आमचा गुन्हा आहे का? दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याला तो शून्य क्रमांकानं (झिरो एफआयआर) नोंदवून घ्यावा लागतो, नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, १७३ कलमात आहे. हे मला वकिलानं सांगितलं, ठाण्यात कुणी नाही.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी बारा दिवस त्याच्या "उद्या येतो"वर काढले. आणि ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा टाकता येतो, विकणारा कुठलाही असो. माझा दावा परवा दाखल झाला.

कुणी असलं काही बसवायला आलं तर आधी त्याच्यादेखत सेन्सर पाण्याच्या ग्लासात बुडवा, मग पुसून हवेत धरा. आकडा तिथल्या तिथं हलला पाहिजे. अर्ध्या तासानं नाही. त्याच्या डब्याचं झाकण पांढरं, चार स्क्रूंचं, आत निळी चिकटपट्टी. तुमच्या शेडमध्ये असा डबा असेल तर आज संध्याकाळीच उघडा, फोटो काढा, आणि वायरींना हात लावू नका. माझ्या भाच्यानं त्या तपासताना सोडवल्या, आता वकील म्हणतात पुरावा कच्चा झाला.