अपुऱ्या दिवसांचं बाळ घरी आलं, आता दाखवायचं कुठे?

ठाण्यात हातावर पोट असलेल्या घरापुढे तीन वाटा असतात: जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र म्हणजे डीईआयसी, पालिकेचं कळव्याचं रुग्णालय, नाहीतर जवळचा खासगी दवाखाना.

त्याआधी डोळे. बाळ 34 आठवड्यांआधी जन्मलं असेल किंवा वजन 2 किलोच्या आत असेल, तर पडद्याची तपासणी तिसाव्या दिवसाच्या आत व्हायलाच हवी. 28 आठवड्यांआधीचं किंवा 1200 ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. आरओपी म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पडद्याचा आजार बाहेरून दिसत नाही आणि लेझर लागलंच तर हाताशी 48 ते 72 तास असतात. सरकारी नंबर उशिराचा मिळाला तर एवढी तपासणी उसने पैसे काढून खासगीत करा. तपासणीच्या तासभर आधीच दूध पाजून घ्या, नाहीतर तपासणीत उलटी होऊ शकते.

बाकीच्यासाठी आमचा कौल डीईआयसीला. फिजिओथेरपी, कान, मानसिक वाढ एकाच छताखाली आणि मोफत, म्हणजे एका खेपेत एकच रोज बुडतो. खोट अशी की एखादं पद रिकामं असतं. ऑडिओलॉजिस्ट म्हणजे कान तपासणारे कोणत्या वारी बसतात ते आधी विचारा. झटके येणाऱ्या, वजन न वाढणाऱ्या बाळाला मात्र कळव्याचं रुग्णालय बरं: भरती लागली तर धावाधाव नाही. रांगेची तयारी ठेवा.

खासगीत वेळ लगेच मिळते. पण फिजिओथेरपी महिनोन्‌महिने चालते आणि फी परवडेनाशी झाली की ती मध्येच सुटते. कानाची नुसती ओएई म्हणजे आतल्या कानाची झटपट चाचणी करून पाठवत असतील तर बेरा म्हणजे ऐकण्याच्या नसेची चाचणी मागा; एनआयसीयूत म्हणजे नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाच्या नसेतला दोष ओएईत नजरेतून सुटू शकतो.

आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत घरी येतात, वजन करतात. त्यांची भेट म्हणजे विकासाची तपासणी नव्हे.

वय मोजताना 32 आठवड्यांच्या बाळाचे आठ आठवडे वजा करा: सहा महिन्यांचं बाळ चार महिन्यांचं धरायचं, दोन वर्षांपर्यंत. लसी मात्र जन्मतारखेनेच. या हिशेबाने तीन महिन्यांनंतरही अंगठा मुठीत दाबलेला राहत असेल किंवा लंगोट बदलताना मांड्या ताठ होऊन पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत असतील, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स द्या, मूळ कार्ड कुठेच जमा करू नका.